तालमीच्या दारातील फुटबॉल : कोल्हापूरच्या पेठांचा एक क्रीडेतिहास

परका खेळ एखाद्या गावात केव्हा आला यापेक्षा तो तेथे कोणाच्या घरी उतरला, हा प्रश्न सांस्कृतिक इतिहासाच्या दृष्टीने अधिक मोलाचा असतो. फुटबॉल भारतात आला तो मुख्यतः इंग्रजी पलटणींबरोबर. ड्यूरंड चषकाची स्पर्धा १८८८ मध्ये सिमल्याला आणि रोव्हर्स चषकाची १८९१ मध्ये मुंबईला सुरू झाली, आणि आरंभीच्या वर्षांत दोन्हींवर गोऱ्या सैनिकांचेच वर्चस्व होते. पुढे मात्र प्रत्येक प्रांताने हा खेळ आपापल्या परीने सांभाळला. बंगालमध्ये तो सुशिक्षित मध्यमवर्गाच्या क्लबांनी उचलला. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या मोहन बागानने २९ जुलै १९११ रोजी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा पराभव करून आय.एफ.ए. शील्ड जिंकली, तेव्हा त्या विजयाला राष्ट्रीय अस्मितेचा अर्थ प्राप्त झाला. गोव्यात पाद्र्यांच्या शाळांनी आणि चर्चच्या आवारांनी त्याला गावोगाव नेले. जमशेदपूर, भिलाई यांसारख्या पोलादनगरींत कारखान्याच्या वसाहतीबरोबर मैदानही आले आणि कामगारकल्याणाचा एक भाग म्हणून खेळ रुजला. कोल्हापुरात यांपैकी काहीच घडले नाही. तेथे फुटबॉल उतरला तो तालमीच्या दारात. आणि तालीम ही संस्था त्याच्याहून पुष्कळ जुनी, पुष्कळ घट्ट आणि स्वतःचे कायदेकानू असलेली होती. कोल्हापूरच्या फुटबॉलचे सारे वैभव आणि त्याची सारी दुखणी या एका गोष्टीतून उगवली आहेत.

तालीम म्हणजे केवळ कुस्तीचा आखाडा नव्हे. लाल मातीचा हौदा, कोपऱ्यातला मारुती, भिंतीला टेकवलेले करेल आणि जोडी, पहाटेचे जोर-बैठकांचे श्वास, आणि या सर्वांवर वस्तादाचा करडा डोळा, हे तिचे प्रथमदर्शनी रूप. पण कोल्हापूरच्या पेठांत तालमीचा अर्थ याहून व्यापक आहे. तालमीच्या कट्ट्यावर पेठेतली भांडणे मिटतात. लग्नाचा मांडव घालायला आणि तिरडी बांधायला तालमीचीच पोरे धावतात. गणेशोत्सव तालमीचा असतो. आणि मोहरमचे पंजेही कित्येक तालमींत तितक्याच भक्तिभावाने बसतात. बाबुजमाल तालमीचा पंजा तर साऱ्या शहराचा मानला जातो. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुराने शहराला वेढा घातला, तेव्हाही पेठांतील तालीम-मंडळांची मुले पाण्यात उतरली होती. थोडक्यात, तालीम हे पेठेचे सार्वजनिक घर आहे. त्या घरात जन्माने प्रवेश मिळतो आणि मरणापर्यंत नाव राहते.

या घराला राजाश्रय दिला तो राजर्षी शाहू छत्रपतींनी. १८९४ मध्ये राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतल्यापासून १९२२ मध्ये देहावसान होईपर्यंत त्यांनी मल्लविद्येला जे उत्तेजन दिले, त्याला हिंदुस्थानात तोड नव्हती. उत्तरेकडचे नामांकित मल्ल त्यांच्या पदरी राहिले. १९०२ मध्ये ते युरोपच्या प्रवासाला गेले असता रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून त्यांच्या मनात खासबाग मैदानाची कल्पना आली, असे सांगितले जाते. ते मैदान १९१२ मध्ये पूर्णत्वास गेले. मध्यभागी आखाडा आणि भोवती चढत जाणारी बैठक, अशी त्याची रचना आहे. ही रचना बारकाईने लक्षात घेण्याजोगी आहे. मैदानातला मल्ल आणि बैठकीवरचा शेतकरी, हमाल, कारागीर यांच्यामध्ये पडदा असा उरतच नाही. कोल्हापूरचा प्रेक्षक घडला तो येथे. तो खेळ पाहायला येत नाही, खेळात भाग घ्यायला येतो. पुढे फुटबॉलला जो प्रेक्षक लाभला, तो याच बैठकीवरून उठून आलेला होता.

फुटबॉलला संघटित रूप आले ते १९४० मध्ये, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या स्थापनेमुळे. राजाराम महाराजांच्या कारकीर्दीचे ते अखेरचे वर्ष. पुढे १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजाश्रयावर उभ्या राहिलेल्या अनेक गोष्टी त्यानंतर हळूहळू क्षीण होत गेल्या. फुटबॉल मात्र वाढत गेला. याचे कारण असे की, राजवाड्याची सावली त्याच्यावर असली तरी त्याचे मूळ राजवाड्यात नव्हते. छत्रपती घराण्याचा वरदहस्त असोसिएशनवर पुढेही राहिला, पण संघ उभे केले ते पेठांनी, आणि त्यांचा खर्चही पेठांनीच सोसला.

मैदानांची हकीकतही अशीच बोलकी आहे. जुने कोल्हापूर हे तळ्यांचे गाव होते. वरुणतीर्थ, कपिलतीर्थ, रावणेश्वर, पद्माळा, सिद्धाळा अशी कितीतरी तळी गावाच्या पोटात होती. शहर वाढू लागले तसतशी ती एकेक करून बुजली. कपिलतीर्थाच्या जागी मंडई आली, सिद्धाळ्याच्या जागी बाग आली. वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले आणि शिवाजी पेठेतल्या पोरांच्या कित्येक पिढ्या त्यावर चेंडूमागे धावल्या. रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी आज शाहू छत्रपतींच्या नावाचे स्टेडियम उभे आहे. एखादे गाव आपली पाण्याची ठेव गमावते, ही हानीच. तिचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण ज्या खोलगट जागी एके काळी गावाचे पाणी साठत होते, तेथेच पुढे गावाची माणसे साठू लागली, हेही खरे आहे.

कोल्हापूरच्या संघांची नावे एकापाठोपाठ वाचली तर शहराचा नकाशाच डोळ्यांपुढे उभा राहतो. पाटाकडील तालीम मंडळाच्या नावात पाण्याच्या पाटाची आठवण आहे. खंडोबा, उत्तरेश्वर, ऋणमुक्तेश्वर, महाकाली ही नावे ज्या त्या देवळाच्या आधाराने उभी आहेत. रंकाळा आणि संध्यामठ ही जलाशयाच्या काठची नावे. संध्यामठ तर पाणी चढले की रंकाळ्यात बुडणारी वास्तू. वेताळमाळ हे नाव गावाच्या जुन्या वेशीबाहेरच्या भयाची खूण सांगते. जुना बुधवार पेठ हे बाजाराच्या वाराचे नाव. बालगोपालमध्ये कृष्णाची भक्ती आहे, तर दिलबहारमध्ये फारसीचा थाट. शिवाजी तरुण मंडळ हे नाव शिवजयंतीच्या मिरवणुकांच्या काळाची साक्ष देते. फुलेवाडीच्या संघाने शहराच्या पश्चिमेकडील नव्या वस्तीची पताका हाती घेतली. आणि या सगळ्यांत प्रॅक्टिस क्लब हे सरळ इंग्रजी नाव आहे. जणू या खेळाच्या परकेपणाची एवढीच एक खूण शिल्लक ठेवायची होती. कोणत्याही व्यवस्थापकाने बसून अशी नावे ठरवली नसती. ती लोकांच्या तोंडून आली आहेत, आणि म्हणूनच त्यांच्यात देव, पाणी, बाजार, भाषा आणि धर्म यांचे थर एकमेकांवर चढलेले दिसतात.

या संघांत खेळणारा माणूस कोण होता? तो दिवसा कॉलेजात बसणारा विद्यार्थी होता, शिवाजी उद्यमनगरातील फाउंड्रीत साचे भरणारा कामगार होता, गुजरीतल्या पेढीवर कामाला असणारा कारागीर होता, रिक्षा चालवणारा होता. त्याला खेळाचा पगार मिळत नसे. बूट कोणी व्यापारी देई, जर्सी कोणी पुढारी देई, सामन्यानंतरचा चहा पेठेतल्या हॉटेलवाल्याकडे असे. कुस्तीगीराच्या खुराकासाठी पेठेने वर्गणी काढावी ही तालमीची जुनी रीत. तीच रीत फुटबॉलला लागू झाली. कोल्हापूरच्या क्रीडाजीवनात या रीतीचे उदात्त उदाहरणही आहे. १९५२ मध्ये खाशाबा जाधव हेलसिंकीला ऑलिम्पिकसाठी निघाले, तेव्हा पैशाची तरतूद होईना. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून रक्कम उभी केली. खाशाबांनी तेथे जिंकलेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्या पदकामागे कोणती योजना नव्हती, गुरुजनांची आणि गावाची माया होती. पेठेतल्या फुटबॉलपटूला ऑलिम्पिक लाभले नाही, पण माया तीच लाभली.

पगाराऐवजी त्याला मिळाले ते नाव. पेठेत त्याला मूळ नावाने फारसे कोणी हाक मारीत नाही. मैदानावर कोणीतरी ठेवलेले टोपणनाव त्याला आयुष्यभर चिकटते, आणि म्हातारपणी नातवंडांसमोरही तो त्याच नावाने ओळखला जातो. हौशी खेळाची कमाई ही एवढीच असते, आणि ती थोडी नसते.

वेल्सच्या खाणींच्या मुलखाशी येथे तुलना करण्याचा मोह होतो, आणि ती अस्थानी नाही. वेल्सची फुटबॉल संघटना १८७६ मध्ये स्थापन झाली. त्या देशातील चर्क हे सरहद्दीवरचे कोळशाच्या खाणींचे गाव. तेथील टी. ई. थॉमस या शाळामास्तराने गावातल्या मुलांना चेंडू शिकवला. आणि त्या लहानशा गावाच्या संघाने १८८७ ते १८९४ या आठ वर्षांत वेल्श चषक पाच वेळा जिंकला. त्याच गावचा बिली मेरेडिथ कोवळ्या वयात खाणीत उतरला होता. १८९४ मध्ये तो मँचेस्टर सिटीकडे गेला, आणि प्रारंभी काही काळ खाणीतली नोकरी सांभाळूनच तेथे खेळत राहिला. पुढे तो त्याच्या पिढीतील श्रेष्ठ खेळाडूंपैकी एक गणला गेला. चर्कमध्ये शाळामास्तर होता तेथे कोल्हापुरात वस्ताद होता, खाण होती तेथे फाउंड्री होती. पण दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. चर्कच्या मुलाला चाळीस-पन्नास मैलांवर धंदेवाईक खेळाचे दार उघडे होते. कोल्हापूरच्या मुलासमोर असे दार फार काळ नव्हतेच. फुटबॉल खेळून पोट भरणारे क्लब कलकत्त्यात, गोव्यात. मुंबईत बँका-कारखान्यांचे संघ. त्यामुळे कोल्हापुरातली गुणवत्ता कोल्हापुरातच फिरत राहिली. तिने पेठेला आनंद दिला. पेठेबाहेर ती फारशी कोणाला दिसली नाही.

आणि जे पाणी बाहेर वाहत नाही, ते आत चढते. पेठापेठांमधील चुरस हा या फुटबॉलचा प्राण. पाटाकडील आणि प्रॅक्टिस, शिवाजी आणि खंडोबा, दिलबहार आणि बालगोपाल असे सामने असले की दुपारनंतर पेठा ओस पडतात. हलगी घुमू लागते, हजारोंचा समुदाय स्टेडियमच्या पायऱ्यांवर दाटतो, आणि एकाच घरातले मामा-भाचे दोन बाजूंना बसतात. पण चुरशीची ईर्ष्या होण्यास आणि ईर्ष्येचे वैर होण्यास वेळ लागत नाही. प्रेक्षकांतील शिवीगाळ, दगडफेक, सामन्यानंतरची मारामारी, पोलिसांचा बंदोबस्त, थांबवावे लागलेले सामने, हेही या इतिहासाचेच प्रकरण आहे, आणि ते वगळून लिहिलेला गौरव खोटा ठरेल. खासबागेत कुस्ती निकाली झाली की हरलेला मल्ल जिंकलेल्याच्या गळ्यात पडतो, ही तालमीची शिकवण. फुटबॉलमध्ये मात्र खेळणाऱ्या अकरांनी ती बहुधा पाळली, बसलेल्या हजारांनी कित्येकदा नाही. तालमीने आपला अभिमान या खेळाला सहज दिला. आपला संयम तितक्या सहजतेने देता आला नाही.

गेल्या काही दशकांत या व्यवस्थेत दुसरा पेच शिरला, तो पैशाचा. असोसिएशनच्या वरिष्ठ गटात सोळा संघ, त्यांची साखळी स्पर्धा, आणि तिच्या पाठोपाठ हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत चालणाऱ्या चषकांच्या स्पर्धा. महापौर चषक, सतेज चषक, अटल चषक, चंद्रकांत चषक अशी त्यांची नावे वाचली की राजाश्रयाची जागा लोकशाहीत कोणी घेतली, हे वेगळे सांगावे लागत नाही. बक्षिसांच्या रकमा वाढल्या तशी जिंकण्याची निकडही वाढली. बाहेरच्या जिल्ह्यांतले, परप्रांतांतले, आणि पुढे थेट आफ्रिकी देशांतले खेळाडू मानधनावर पेठांच्या जर्सीत दिसू लागले. खेळाचा दर्जा त्यामुळे उंचावला, हे नाकारता येत नाही. नायजेरियाहून आलेल्या खेळाडूला पेठेने आपल्या पंक्तीला बसवले, हेही तालमीच्या मोठेपणाला साजेसेच झाले. तरीही प्रश्न उरतो. संघ पेठेचा म्हणायचा तो पेठेच्या पैशाने की पेठेच्या पोरांनी? जो मुलगा लहानपणापासून गांधी मैदानावर घाम गाळत आला, तो ऐन उमेदीत राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून भाडोत्री खेळाडूचा खेळ पाहणार असेल, तर तालमीने त्याला दिलेले वचन मोडले, असेच म्हणावे लागेल. बाहेरून आणलेल्या खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा वाद असोसिएशनमध्ये पुनःपुन्हा निघतो. वरवर तो नियमांचा वाद दिसतो. वस्तुतः तो घर कोणाचे, याचा वाद आहे.

घर कोणाचे, हा प्रश्न आणखी एका बाजूने विचारला पाहिजे. तालीम हे परंपरेने पुरुषांचे घर. मारुतीच्या आखाड्यात स्त्रीला प्रवेश नव्हता. म्हणून त्या अंगणात रुजलेल्या फुटबॉलमध्येही मुलीला जागा नव्हती. ती जागा शाळांच्या मैदानांवर आणि तालमीबाहेरच्या क्लबांतून हळूहळू तयार झाली. २०१७ मध्ये भारतीय महिला लीगची प्राथमिक फेरी कोल्हापुरात खेळली गेली, आणि नंतर एफ.सी. कोल्हापूर सिटी हा महिला संघ त्या लीगमध्ये उतरला. त्या संघाच्या नावात पेठ नाही, तालीम नाही, देव नाही; केवळ शहराचे नाव आहे. ज्यांना पेठेच्या घरात खोली मिळाली नाही, त्यांनी सगळे गावच आपले घर मानले. पेठांच्या अभिमानाने विचार करावा अशी ही गोष्ट आहे.

बाहेरचे दारही अखेर किलकिले झाले. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात भरली. यजमान म्हणून भारताचा संघ तीत उतरला. फुटबॉलच्या कोणत्याही विश्वचषकात भारत खेळण्याची ती पहिलीच वेळ. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. अमेरिका, कोलंबिया आणि घाना यांच्याविरुद्धचे दिल्लीतील तिन्ही सामने भारताने गमावले, पण कोल्हापूरच्या दृष्टीने हिशेब निराळा होता. मात्र एक गोष्ट विसरता येत नाही. अनिकेत घडला तो लहान वयातच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेल्यामुळे. म्हणजे चर्कच्या मेरेडिथला जसे गाव सोडावे लागले, तसेच यालाही. पेठ खेळाची ओढ लावू शकते. शास्त्रशुद्ध प्रशिक्षण, आहार, लहान वयोगटांची नियमित स्पर्धा हे सारे तिच्या वर्गणीच्या आवाक्याबाहेरचे राहिले आहे. चषकांवर आणि बाहेरच्या खेळाडूंवर खर्च होणाऱ्या पैशाचा काही वाटा बारा वर्षांच्या पोरांकडे वळला, तर हे अंतर कमी होण्याजोगे आहे. वस्तादाने पूर्वी हेच केले होते. त्याने तयार मल्ल विकत आणून हौदा भरला नाही; पेठेतली पोरे मातीत उतरवली.

विश्वचषकाच्या दिवसांत कोल्हापूरच्या गल्ल्यांत ब्राझील, अर्जेंटिना, जर्मनी यांचे झेंडे लागतात आणि चौकाचौकांत परदेशी खेळाडूंचे भव्य फलक उभे राहतात. डिसेंबर २०२२ मध्ये अर्जेंटिना जिंकला त्या रात्री येथे झालेला जल्लोष एखाद्या बाहेरच्याला हास्यास्पद वाटला असता. पण तो आंधळ्या अनुकरणाचा जल्लोष नव्हता. जे गाव स्वतः खेळते, तेच दुसऱ्याचा खेळ असा आपला मानू शकते. लाटांवर तरंगणारे प्रेम आणि मुळे असलेले प्रेम यांत फरक असतो, आणि कोल्हापूरच्या प्रेमाला सात-आठ दशकांची मुळे आहेत.

या मुळांची नोंद मात्र फारच थोडी झाली आहे. मराठी ग्रामीण कथेत पहिलवान वारंवार भेटतो. त्याची ऐट, त्याचा भोळेपणा, त्याची शोकांतिका आपल्या साहित्याने टिपली. पेठेतला फुटबॉलपटू त्या साहित्यात जवळजवळ आलाच नाही. तो अर्धा गावचा आणि अर्धा शहराचा, म्हणून ग्रामीण लेखकाला तो पुरेसा ग्रामीण वाटला नसावा आणि नागर लेखकाला पुरेसा नागर. त्याचा इतिहास आहे तो तालमींच्या भिंतींवरील धूसर होत चाललेल्या समूहचित्रांत, कपाटातल्या काळवंडलेल्या ढालींत, आणि कट्ट्यावर बसणाऱ्या वृद्धांच्या बोलण्यात. चित्रातली नावे सांगणारी माणसे एकेक करून कमी होत आहेत. २०२० च्या साथीत मैदान ओस पडले तेव्हा कट्टेही ओस पडले, आणि ते पुन्हा भरले तेव्हा काही जागा रिकाम्याच राहिल्या.

म्हणूनच प्रत्येक तालमीने आपल्या चित्राखाली नावे लिहून ठेवावीत, एवढे साधे काम आज सर्वांत निकडीचे आहे. पेठेच्या खेळाडूला पगार नव्हता, निवृत्तिवेतन नव्हते, पुतळा तर नाहीच. त्याला नाव तेवढे मिळाले होते. ते त्याच्याजवळ राहू देणे हे तालमीचे देणे आहे.